गरोदरपणातल्या लशी : हिशोब कसा मांडायचा?

अबोली_पुणे
मंडळी, पहिलंच बाळंतपण आहे, पंचविसावा आठवडा चालू. धनुर्वाताचं एक इंजेक्शन (आता टीटी नाही, टीडी म्हणतात म्हणे) तिसऱ्या महिन्यात घेऊन झालं. परवाच्या तपासणीला डॉक्टरांनी कागदावर आणखी दोन नावं लिहिली, टीडॅप (हिच्यात डांग्या खोकल्याचीही असते म्हणे) आणि फ्लू. "फ्लूची आजही घेतलीत तरी चालेल, दुसरी अठ्ठावीस आठवडे झाले की." मी विचारलं, घ्यायलाच हवी का? "घेतलेली बरी," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर तीसेक जणी ताटकळत होत्या, त्यांना तरी काय बोलणार.

घरी आल्यावर अधिवेशन भरलं. सासूबाई मूळच्या कराडच्या: "आम्ही दोन-दोन टीटीवर तीन बाळंतपणं काढली." नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलेला, की गरोदर बाईला लस म्हणजे बाळावर प्रयोग. आई फोनवर: "डॉक्टर सांगतील तेच कर हो, पण इतक्या सुया कशाला गं?" म्हणजे आईचं एकाच वाक्यात दोन्हीकडे मत.

दोन्हींचे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास होतात. अडलंय ते पैशांवर नाही. पाच महिने मी पपईकडे बघत नाहीये, सर्दीची गोळीसुद्धा विचारून घेते, आणि लस मात्र डोळे मिटून घ्यायची? नुसतं "घे" किंवा "नको" सांगू नका. तुम्ही कसं ठरवलंत ते सांगा.

दुपारचा_चहा
घे. (सॉरी, हलकेच घ्या.) दोन्ही वेळेस दोन्ही घेतल्या. दंड दोन दिवस ठणकला, एका रात्री कणकण. बाकी काही नाही. ठरवलं वगैरे काही नव्हतं गं, बहीण डॉक्टर आहे, ती ओरडली म्हणून घेतली.

निवृत्त_सिस्टर
अबोली, तुझ्या सासूबाई खरं तेच सांगतात. दोन टीटीवर भागलं. पण त्या दोन टीटी यायच्या आधी काय व्हायचं ते त्यांच्या सासूला ठाऊक असेल.

मी १९८४ साली मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावची नर्स, म्हणून लागले. बाळंतपणं घरीच व्हायची. नाळ विळ्याने कापायची, कधी दगडावर ठेवून ठेचायची, आणि वर राख नाहीतर शेण दाबायचं. बाळ छान रडायचं, तीन-चार दिवस चांगलं प्यायचं. पाचवीची पूजा व्हायची, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाणार म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. आणि सहाव्या-सातव्या दिवशी बाळ दूध धरेनासं व्हायचं. जबडा मिटलेला. भांडं पडल्याचा आवाज झाला तरी अंग धनुष्यासारखं ताठ. एक-दोन दिवसांत संपायचं. घरचे म्हणायचे, सटवाईने तेवढंच लिहिलं होतं. पहिल्या वर्षी माझ्या पाच गावांत अशी चार पोरं गेली. डॉक्टरांनी समजावून सांगेपर्यंत मलाही ते नशिबाचंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, नाळेतून आत जातात. बाळाला जन्मल्यावर लस टोचून उपयोग नाही, त्याला वेळच मिळत नाही. म्हणून आईला टोचायची, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती वारेतून बाळाकडे जाते.

बायका सुखासुखी टोचून घ्यायच्या असं समजू नकोस. आणीबाणीतल्या नसबंदीची धास्ती तेव्हा ताजी होती. "ही सुई मूल बंद करायची" म्हणून मागच्या दाराने पळायच्या. कुणी म्हणायचं, सुईने पोर पोटात मोठं होतं आणि अडतं. मी स्वतः गरोदर राहिले तेव्हा चावडीवर सगळ्यांसमोर टोचून घेतली, त्यानंतर जरा फरक पडला.

१९८८ साली जगभरात वर्षाला ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने जात होती असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. त्यात लशीइतकाच वाटा दवाखान्यातल्या बाळंतपणाचा आणि नव्या ब्लेडचा आहे, तेही सांगते.

टीडीचा दुसरा डोस पहिल्यानंतर चार आठवड्यांनी असतो. तुझी टीडॅप त्या जागी धरायची का, ते डॉक्टरांना विचार. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प असतातच, वर डांग्या खोकला.

दुपारचा_चहा
सिस्टर, अंगावर काटा आला.

तर्ककर्कश
सिस्टर, तुमचा अनुभव मान्य, पण धनुर्वाताचा हिशोब सोपा होता. रोग समोर दिसत होता, लस दशकानुदशकं वापरात. अबोलींचा प्रश्न वेगळा आहे. ज्या लशी आपल्या आयांनी घेतल्याच नाहीत त्यांना तोच न्याय कसा लावायचा?

मी लसविरोधी नाही, माझ्या मुलीच्या सगळ्या झाल्यात. पण दोन गोष्टी खटकतात.

एक, गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षं औषधांच्या चाचण्यांतून वगळलं गेलं. कारण थॅलिडोमाइड. उलट्यांवरच्या त्या गोळीने दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि १९६१ मध्ये ती मागे घेतली गेली. मग सगळ्यांनीच हात झटकले. कुणावर तपासायचंच नाही, आणि वेळ आली की "पुरेशी माहिती नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या" असं छापायचं. म्हणजे प्रयोगशाळेतला धोका टाळला आणि तोच प्रत्येक बाईच्या अंगावर एकेकटीने टाकला.

दोन, धोका काल्पनिक नसतो. तान्ह्या बाळांची छाती धरणाऱ्या आरएसव्ही नावाच्या विषाणूवरची ग्लॅक्सो कंपनीची गरोदरपणातली लस २०२२ मध्ये चाचणी चालू असतानाच थांबवावी लागली. लस घेतलेल्या गटात ६.८ टक्के बाळं मुदतीआधी जन्मली, न घेतलेल्यांत ४.९. आणि हा फरक मुख्यतः गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दिसला. तेव्हा "शंका घेणारे अडाणी" असं कुणी म्हणू नये.

बाळाचा_डॉक्टर
तर्ककर्कश, आकडे बरोबर आहेत. (मी बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. आमच्याकडे गोष्ट पोचते ती बाळ निळं पडल्यावर.) फक्त ती गोष्ट मी उलट्या बाजूने वाचतो. ती लस बाजारात आलीच नाही. कुणीतरी मोजत होतं म्हणून फरक दिसला आणि कंपनीने थांबवलं.

तिची चुलत बहीण, फायझरची आरएसव्ही लस, तिच्या चाचणीतही मुदतपूर्व जन्म ५.७ आणि ४.७ टक्के होते. तो फरक योगायोगाने पडण्याइतका लहान होता. तरीही अमेरिकेने २०२३ मध्ये मंजुरी देताना ३२ ते ३६ आठवडे अशी चौकट घातली, म्हणजे समजा कळा लवकर आल्याच तरी बाळ बऱ्यापैकी तयार असेल. बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांतला आरएसव्हीचा गंभीर आजार या लशीने ८० टक्क्यांहून जास्त टळला होता. बाजू दोन्हीकडे आहेत, आणि आठवडा बदलला की तराजू बदलतो.

पण अबोलींना विचारलंय टीडॅपबद्दल. "गरोदरपणातली लस" असा एकच गठ्ठा बांधला की चुकायला होतं. आरएसव्हीची शंका टीडॅपला लावता येत नाही आणि धनुर्वाताचं यश आरएसव्हीला.

डांग्या खोकला मोठ्यांना होतो तेव्हा तो नुसता चिवट खोकला असतो, महिना-दोन महिने हटत नाही. आजोबा-आजी, आई-बाप, कुणाकडूनही बाळाला लागतो. महिन्याभराच्या बाळाला श्वास ओढतानाचा तो आवाजही बहुधा येत नाही, खोकलाही धड येत नाही, ते श्वासच घ्यायचं थांबतं. आपल्याकडे बाळाला याची पहिली लस ते दीड महिन्याचं असताना, आणि तीन डोस पुरे व्हायला साडेतीन महिने. तेवढा काळ त्याच्याकडे आईने दिलेलं असेल तेच.

टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांत घ्या म्हणतात, ते कशासाठी? लस घेतल्यावर आईच्या अंगात प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी द्रव्यं) तयार व्हायला सुमारे दोन आठवडे, आणि वारेतून ती भरभरून जातात शेवटच्या तिमाहीत. पुढे आईच्या अंगातली ओसरतात, म्हणून दर खेपेला नव्याने.

धोक्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ही लस घेतलेल्या २० हजारांच्या आसपास स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं, मृत जन्म वाढलेले आढळले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अभ्यासात एक गोष्ट मात्र निघाली. गर्भजलाच्या आवरणाला संसर्ग झाल्याची नोंद लस घेतलेल्यांत ६.१ टक्के, न घेतलेल्यांत ५.५. त्यामुळे मुदतपूर्व प्रसूती वाढल्या नव्हत्या. हेही सांगतो, कारण लपवलं की फॉरवर्डवाल्यांचं फावतं.

लीड्सकर
मी इथे इंग्लंडात दोन वर्षांपूर्वी या सगळ्यातून गेले. इथली गोष्ट अशी की डांग्या खोकल्याची गरोदरपणातली लस आधी नव्हतीच. २०१२ मध्ये साथ आली, १४ तान्ही बाळं गेली, तेव्हा ऑक्टोबरात घाईने सुरू केली. नंतरच्या मोजणीत तीन महिन्यांखालच्या बाळांत दहापैकी नऊ आजार टळताना दिसले. साथ ओसरली तशा बायका विसरल्या. लस घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ६० च्या खाली आलं. २०२४ मध्ये पुन्हा साथ, एकट्या इंग्लंडात ११ बाळं गेली.

मी स्वतः डांग्या खोकल्याची एका मिनिटात घेतली. आरएसव्हीची इथे सप्टेंबर २०२४ पासून २८ व्या आठवड्यानंतर देतात, तिच्यावर मात्र मी आणि नवरा तीन रात्री भांडलो. माझी पहिली मुलगी ३४ आठवड्यांची जन्मलेली, त्यामुळे लवकर प्रसूती हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा. शेवटी सुईणबाईंशी बोलून ३३ व्या आठवड्यात घेतली. ते बरोबर होतं की चूक, कुणास ठाऊक. मुलगा ३९ आठवड्यांचा झाला. पण न घेता ४० चा झाला असता तरी मी काय सिद्ध करणार होते?

अवांतर: इथे लस द्यायला आलेली नर्स पंधरा मिनिटं बसून बोलली. अबोली, तुझ्या रांगेबद्दल वाचून तेच आठवलं.

मोगरा_आणि_मी
हा धागा उघडायचा नाही असं ठरवलं होतं.

२०२१. जुलैच्या सुरुवातीला सरकारने गरोदर बायकांना कोविडची लस घ्यायला परवानगी दिली. माझी मैत्रीण दुसऱ्या लाटेत आठव्या महिन्यात आयसीयूत होती, त्यामुळे मी लगेच घेतली, दहाव्या आठवड्यात. नवव्या दिवशी अंगावरून जायला लागलं. संपलं.

सासरी एकच वाक्य, "तरी सांगत होतो." दवाखान्यात कुणी काही समजावलं नाही, फाइल हातात दिली. चार महिन्यांनी विम्याच्या कामासाठी ती उघडली तेव्हा सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं दिसलं, वाढ साडेसात आठवड्यांची. म्हणजे मी दंडावर टोचून घेतलं त्याच्या कितीतरी आधी ते थांबलं होतं. हे मला त्याच दिवशी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर ते चार महिने मी स्वतःला खात बसले नसते. सासरी आजही लशीमुळेच गेलं असंच म्हणतात. मी आता वाद घालत नाही.

निवृत्त_सिस्टर
बाळ, तू लिहिलंस हेच खूप झालं. जवळ असतीस तर पाठीवरून हात फिरवला असता.

बाळाचा_डॉक्टर
मोगरा, मनापासून वाईट वाटलं. तुमच्या फाइलमध्ये उत्तर होतं, पुष्कळ जणींच्या फाइलमध्ये तेही नसतं. ओळखलेल्या दर शंभर गर्भधारणांतल्या दहा ते वीस आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. लाखो जणींनी लस घेतली की त्यातल्या काहींचा गर्भपात दुसऱ्याच दिवशी, आठवड्याने होणारच. लस नसती तरी झाला असता. म्हणून घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्हींत मोजावं लागतं. नॉर्वेने आपल्या नोंदींतून २०२१ मध्ये ते मोजलं, गर्भपाताशी संबंध दिसला नाही.

तर्ककर्कश
मोगराताई, माझ्या प्रतिसादाचा रोख तुमच्याकडे नव्हता, टोचला असेल तर माफी.

डॉक्टर, नॉर्वेत बहुतेकींनी फायझर-मॉडर्ना घेतली होती. आपल्याकडे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन.

बाळाचा_डॉक्टर
मान्य, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे आणून ठेवत नाही. पण तराजूचं दुसरं पारडं आपल्या देशातलंच आहे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून २०२१ मध्ये कोविड झालेल्या गरोदर आणि बाळंतिणींची आकडेवारी दिली होती. मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के, दुसऱ्या लाटेत ५.७. ज्या महिन्यांत "अजून माहिती नाही, थांबा" म्हणून त्यांना रांगेतून परत पाठवलं जात होतं, तेच हे महिने. थांबणं म्हणजे काहीच न करणं, असं आपल्याला उगाच वाटतं.

तर्ककर्कश
हे मात्र पटलं. वगळण्याविरुद्धचा माझाच मुद्दा तुम्ही माझ्यावर उलटवलात :)

भाकरतुकडा
तुम्ही सगळे टक्केवारीत, माझं प्रकरण अगदीच गावठी. सातव्या महिन्यात सोसायटीच्या फाटकाशी भटक्या कुत्र्याने पोटरी धरली. रक्त आलं. शेजारच्या काकूंनी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं पाय धुवायला लावला, त्यांचे उपकार. जवळच्या दवाखान्यात गेलो तर तिथले डॉक्टर म्हणाले, गरोदर आहात, आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं पत्र आणा. त्या रजेवर. संध्याकाळ उलटली. नवरा म्हणत होता, बाळाला काही झालं तर?

रात्री सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने पत्रबित्र काही मागितलं नाही. म्हणाली, "रेबीज झाला तर वाचत नाही ताई कुणी. आई नाही तर बाळ कुठलं?" जखमेभोवती ते सीरम टोचलं (त्याचं दुखणं बाळंतपणापेक्षा वाईट, अतिशयोक्ती नाही), आणि पहिला, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा असे दिवस लिहून दिले. लेक आता तीन वर्षांची आहे. कुत्रं दिसलं की "भू भू" करत त्याच्याकडेच पळते.

बाळाचा_डॉक्टर
बारीक दुरुस्ती: चावला तो दिवस शून्य, मग तीन, सात, अठ्ठावीस. बाकी त्या मुलीने सांगितलं त्यात भर घालण्यासारखं काही नाही. गरोदरपण हे रेबीजची लस रोखण्याचं कारण होत नाही.

नीलकंठी
मी उलट टोकाची. लग्नानंतर नोकरीच्या तपासणीत एमएमआर घेतली आणि दोन आठवड्यांनी कळलं की दिवस गेलेत. नेटवर वाचलं की ही गरोदरपणात द्यायचीच नसते. मावशीने तर "पाडून टाक" असा सल्लाही दिला. मी रडून अर्धी झाले.

बाळाचा_डॉक्टर
नेटवरचं खरं आहे आणि मावशी चुकल्या. एमएमआर, कांजिण्यांची लस, या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या. गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नका असं सांगतात. ही खबरदारी. पण चुकून घेतली गेली अशा शेकडो जणींवर लक्ष ठेवलं गेलंय आणि लशीमुळे जन्मजात रुबेलाची व्यंगं असलेलं बाळ आढळलेलं नाही. म्हणून ते गर्भपाताचं कारण धरत नाहीत. खऱ्या रुबेलाचं उलट आहे. पहिल्या तिमाहीत आईला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या ते प्रथम लक्षात आलं. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची शाळाशाळांतली मोहीम नोव्हेंबर २०१८ ची. त्याआधी शाळा संपवलेल्या पुष्कळ मुलींना ही लस मिळालेलीच नाही. दिवस राहण्याआधी विचारून घ्यावं, असं हे एक प्रकरण.

नीलकंठी
माझी मुलगी पाचवीत आहे आता. मावशीची लाडकी :)

केळफूल
मधेच विचारते, माझा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी सांगितलंय. तीपण लसच का?

निवृत्त_सिस्टर
नाही गं, ती लस नाही. ती तयार प्रतिपिंडं असतात. तुझ्या शरीराने बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताशी वैर धरू नये म्हणून. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. चुकवू नकोस, पुढच्या बाळाचा प्रश्न असतो.

अबोली, फ्लूचं राहिलंच. २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा तोंडाला रुमाल बांधून फिरणारं शहर आठवत असेल. त्या साथीत अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येत एक टक्का आणि मृत्यूंत पाच टक्के होत्या. पोट वाढलं की फुप्फुसाला जागा कमी. २०१५ ला तो परत आला तेव्हा आपल्या राज्य सरकारने दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांना ही लस फुकट द्यायला सुरुवात केली. साठा आहे का ते जवळच्या सरकारी दवाखान्यात विचार, साडेतीन हजारांतले निम्मे वाचतील. नाकात फवारायची मात्र घ्यायची नाही, ती जिवंत असते. दंडातली घे.

अबोली_पुणे
उशिरा लिहितेय, डोहाळजेवणाच्या गडबडीत होते. सगळ्यांचे प्रतिसाद वाचून एका वहीत दोन रकाने केले. लस घेतली तर काय, नाही घेतली तर काय. दर लशीचं वेगळं पान. भाकरतुकडाचं पान एका ओळीत संपलं, आरएसव्हीचं अजून भरतंय, आणि ती मला कुणी सांगितलेलीही नाही!

फ्लूची त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात मिळाली. टीडॅप काल घेतली, अठ्ठावीस पूर्ण झाल्यावर. यावेळी डॉक्टरांना प्रश्न लिहूनच नेले होते. त्यांनी चष्मा काढून सगळ्यांची उत्तरं दिली, टीडीचा दुसरा डोस आता नको म्हणाल्या. उजव्या कुशीवर झोपता येत नाहीये, दंड भरून आलाय.

बाळाजवळ राहणाऱ्यांनीही घेतलेली चांगली, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने लगेच घेतली. सासूबाई काही बधत नाहीत. "मी तोंडाला पदर लावून घेईन की बाळाला."

निवृत्त_सिस्टर
त्यांना सांग, पदर लावून भागत नाही. खोकला असेल त्या दिवशी बाळ मागायचंच नाही. आणि फोन नंबर दे त्यांचा, बोलते मी.